ओळख पटली, अधिकाराचं काय?

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्या खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आधारची पडताळणी सांगते ते एवढंच, की हा माणूस तोच आहे. त्याला रेशनवर धान्य किती, हे शिधापत्रिका ठरवते. जावात वेब ॲप्लिकेशन बांधताना ओळख आणि अधिकार यांतला हाच फरक विसरला जातो.

समजा, जळगावला लागून असलेल्या असोद्यातल्या विकास सोसायटीचे पीककर्जाचे व्यवहार ऑनलाइन करायचे आहेत. लॉगिन स्वतः लिहायला बसू नका. स्प्रिंग सिक्युरिटी ही लायब्ररी ते काम चोख करते, पासवर्डही बीक्रिप्ट हॅशने जपते. एकाच ॲप्लिकेशनला साधं सेशन पुरतं. केवळ सगळे वापरतात म्हणून जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे सर्व्हरने सही करून दिलेला ओळखीचा दाखला, घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वेगळी सोय केली नसेल, तर दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं, मग सचिव कालच बदलून गेलेला का असेना. सेशन मात्र सर्व्हरवरून त्याच क्षणी रद्द करता येतं. उद्या डेअरी आणि गोदामाचीही ॲप्लिकेशनं आली, सगळीकडे एकच लॉगिन हवं झालं, तर कीक्लोक हा स्वतंत्र लॉगिन सर्व्हर बसवावा. तो सांभाळायला माणूस लागतो, हेही धरून चालावं.

खरा घोळ पुढे होतो. सभासद आपलं कर्जखातं बघतो. ब्राउझरच्या पत्त्यात 142 दिसतं. त्याने तिथे 143 टाकलं आणि शेजाऱ्याची थकबाकी समोर आली! लॉगिन खरं होतं, ‘सभासद’ ही भूमिकाही खरी होती. हे खातं याचंच का, एवढं कोडने विचारलं नव्हतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत अधिकार तपासणीतल्या अशा चुका पहिल्या क्रमांकावर आहेत. स्क्रीनवरचं बटण लपवून त्या थांबत नाहीत. डेटाबेसमधून खातं काढतानाच खातेक्रमांकासोबत लॉगिन केलेल्याचा सभासद क्रमांकही जुळवावा लागतो.

महसूल खात्याची रीत इथे उपयोगी पडते. जमिनीचा फेरफार तलाठी नोंदवतो, हरकतींसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. कर्जाचंही तसंच हवं: ज्याने अर्ज भरला, त्याला तोच अर्ज मंजूर करता येऊ नये, भूमिका दोन्ही असल्या तरी. नुसत्या भूमिकांच्या यादीत हा नियम बसत नाही, तो वेगळा लिहावा लागतो.

म्हणून लायब्ररी निवडण्याआधी सोसायटीच्या कचेरीत सचिव-संचालकांसोबत बसा आणि कोण काय करू शकतो ते कागदावर उतरवा. त्यात ‘ॲडमिन, सर्व अधिकार’ अशी ओळ आली, तर तिच्यापुढे माणसाचं नाव लिहून घ्या.