तरुणपणीचा लकवा: समज आणि वस्तुस्थिती

"अंगावरून वारं गेलं" हे आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाबद्दल बोललं जातं. त्यामुळे राहुरीत पहाटे डेअरीला दूध घालून आलेल्या पस्तिशीच्या गड्याचा हात अचानक लुळा पडला, तर घरचे म्हणतात, "अंगाखाली दबला असेल, चोळा जरा." भारतात पक्षाघाताच्या शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा जण चाळिशी-पंचेचाळिशीच्या आतले असतात. 'झिरोधा'चे निखिल कामत यांनी २०२४ मध्ये आपल्याला सौम्य झटका आल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांचं वय ३७ होतं.

वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. तरुणांत याची कारणं म्हणजे कधीच न तपासलेला रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप. बाळंतिणीत मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि तिला पाणी कमी देण्याची जुनी रीत हा धोका वाढवते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलेलं दिसताच १०८ ला फोन करून स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, मग ते नगरचं असो की लोणीचं.

पारव्याच्या रक्ताने लकवा उतरतो, असं सांगणारे अजून भेटतात. त्यांनी बरी झालेली माणसं खरोखर पाहिलेली असतात. पण त्यातल्या अनेकांना पक्षाघात झालेलाच नसतो. चेहऱ्याची एक नस सुजून तोंड वाकडं होतं, त्या बाजूचं कपाळही हलत नाही, मात्र हातपाय ठीक असतात. हा वेगळा आजार आहे. तो बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरतो आणि श्रेय पारव्याला मिळतं. दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच ठरवायचा. घरी ताडून पाहण्यात वेळ घालवू नये.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज पुढचा आहे: "तीन महिन्यांत आलं तर आलं, नाहीतर संपलं." पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरं. पण नंतर दार बंद होत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाचा चांगला हात दोन आठवडे दिवसभर मोज्यात ठेवला आणि कमजोर हाताकडूनच कामं करून घेतली. ज्यांच्या मनगटात-बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती, अशांचा हात यातून सुधारला आणि तो फायदा वर्षभर टिकला. मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्टी टेलर यांना वयाच्या ३७व्या वर्षी रक्तस्राव झाला, पूर्ण सावरायला आठ वर्षं लागली.

म्हणून "त्याला काही करू देऊ नका" ही माया मला घातक वाटते. शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, तांब्या धरणं हीसुद्धा हाताची कसरतच आहे. तेलाची मालिश बरी वाटते, पण हाताला काम परत शिकवत नाही. उठवताना लुळा हात मात्र ओढू नये, खांदा निखळतो.

चालता-बोलता झालेला माणूस दुपारी गळून पडतो, तेव्हा "आता तर बरा दिसतोस की" असं ऐकवलं जातं. झटक्यानंतरचा थकवा हा मेंदूच्या इजेचाच भाग आहे. तो आळस नव्हे. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. वाचा गेलेल्याची बुद्धी गेली, असंही धरून चालू नये. सावकाश बोला, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा.

बरं वाटलं म्हणून रक्त पातळ करणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मनाने सोडू नयेत. दुसरा झटका तिथूनच येतो. मोटारसायकल नगर-मनमाड रस्त्यावर काढण्याआधी नजर तपासून घ्यावी, कारण एका बाजूचं दिसत नसल्याचं रुग्णाला अनेकदा कळतच नाही. संसार संपला असंही नाही, पतिपत्नीचे संबंध बहुतेकांना पुन्हा ठेवता येतात. मात्र इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणि नोकरी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. हे संरक्षण फक्त सरकारी कार्यालयांपुरतं नाही, कृषी विद्यापीठासारख्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थाही त्यात येतात. आपल्या घरात असा कर्मचारी असेल, तर राजीनाम्यावर सही होण्याआधी हे कलम त्याला वाचून दाखवा.