दोरीवरच्या उड्या आणि धावणे

एक जिना चढून तुम्हांला धाप लागते का? लागत असेल, तर बहुधा तुमच्या हृदयाला व्यायामाची सवय नाही.

हृदय हा मुठीएवढा स्नायू आहे. आपण स्वस्थ बसलेले असताना ते मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० ठोके देते. धावताना पायांना जास्त प्राणवायू लागतो. तो रक्तातून पोहोचवण्यासाठी हृदय भराभर काम करते. रोजच्या सरावाने ते बळकट होते. मग एका ठोक्यात ते अधिक रक्त पुढे ढकलते. म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात.

दोरीवरच्या उड्या अंगणातही मारता येतात. दोरीच्या मध्यावर उभे राहा. तिची टोके काखेपर्यंत आली, म्हणजे लांबी योग्य समजा. दोरी मनगटाने फिरवा. उडी लहान घ्या आणि चवड्यांवर उतरा. अर्धे मिनिट उड्या व अर्धे मिनिट विश्रांती, असे दहा वेळा करा.

एक दिवस उड्या मारा, तर दुसऱ्या दिवशी सावकाश धावा. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. शेवटी एकदम थांबू नका. पाच मिनिटे चाला. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर मात्र व्यायाम थांबवा व मोठ्यांना सांगा.

उद्या सकाळी उठल्याबरोबर मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजा. त्यांना ४ ने गुणा. तो आकडा वहीत लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर पुन्हा मोजा. आकडा उतरला असेल, तर तुमची मेहनत फळाला आली!