नीलम घ्यावा तो हौसेने

गेल्या वर्षी एक भगिनी पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आल्या. आम्ही कारकून, तेव्हा गल्लीतले अर्ज आमच्याकडे यायचेच. कर्जाचे कारण विचारले तर बाई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "दादा, पोराला साडेसाती आहे म्हणे. नीलम घालायला सांगितलाय." मुलगा दोन वर्षे कामाच्या शोधात. साडेसाती सांगणारा आणि खडा विकणारा माणूस एकच! किंमत बाईंच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी.

आम्ही अर्ज बाजूला ठेवला आणि नीलम म्हणजे काय ते आधी त्यांना सांगितले. वाचकांनाही ते उपयोगी पडेल.

नीलम आणि माणिक ही सख्खी भावंडे. दोन्ही कुरुंद या एकाच खनिजाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची. त्यात लोह व टायटॅनियमचा अंश उतरला की निळा नीलम, क्रोमियमचा उतरला की लाल माणिक. आपल्या कोल्हापुरी साजात लाल आणि हिरवा खडा मानाने बसतो; माणकाचा हा निळा भाऊ मात्र शनीचा म्हणून बदनाम. काही घरांत तर तो आधी उशाखाली ठेवून स्वप्न कसे पडते ते बघतात. लोहाला आणि टायटॅनियमला कोणाची रास ठाऊक? रत्नांच्या लक्षणांवरून शुभाशुभ सांगून पोट भरणे ही हीन विद्या, असे दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तातही आले आहे.

दगड म्हणून मात्र नीलम खरोखर देखणा. शिवाय टिकाऊ. काठिण्याच्या मापात हिरा १०, तर नीलम ९. काच साधारण साडेपाच. त्यामुळे रोज कामाच्या हातात असलेल्या अंगठीतही त्याची झिलई लवकर जात नाही. काश्मीरमध्ये किश्तवाडच्या पाडर भागात १८८१ च्या सुमारास दरड कोसळून नीलमची खाण उघडी पडली. तिथला मखमली निळा रंग आजही नावाजला जातो, पण तो साठा थोड्याच वर्षांत सरला. श्रीलंकेतील रत्नपुरा हे गाव तर नावानेच ओळखू येते. तिथे आजही नदीकाठच्या गाळातून खडे काढतात.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही बाईंना घेऊन गुजरीत गेलो. तीन रात्री उशाखाली ठेवायला म्हणून दिलेला तो खडा त्यांच्या बटव्यातच होता. ओळखीच्या सराफांनी तो दारातल्या उजेडात धरला आणि भिंग आमच्या हाती दिले. आत गोल गोल बुडबुडे! शुद्ध काच. खऱ्या नीलममध्ये बारीक रेशमासारखे तंतू किंवा रंगाचे सरळ पट्टे दिसू शकतात, बुडबुडे नव्हेत. कारखान्यात बनवलेला नीलमही असतो. तो खोटा नव्हे, पण फार स्वस्त. खाणीतल्याच्या भावाने घेऊ नये. तापवून रंग खुलवलेले खडे बाजारात सर्रास आहेत. विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे. भेगांत रंगीत काच भरलेला खडा मात्र घेऊच नये, सोनाराच्या भट्टीत किंवा आम्लात तो बिघडतो.

हिशेबाची एक गोष्ट. सोन्याचा २२ कॅरेट म्हणजे शुद्धता, खड्याचा कॅरेट म्हणजे वजन : २०० मिलिग्रॅम. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. रत्तीचे माप दुकानागणिक बदलते, म्हणून भाव कॅरेटमध्येच विचारावा. हॉलमार्क सोन्याची हमी देतो, खड्याची नाही. खड्यासाठी प्रयोगशाळेचा वेगळा दाखला मागावा, आणि पावतीवर सोन्याचे व खड्याचे वजन निरनिराळे लिहून घ्यावे. खडा रंग पाहून घ्यायचा तर दुकानातल्या दिव्याखाली नको, दिवसाच्या उजेडात पाहावा.

कर्जाचा तो अर्ज कोराच राहिला. काच परत गेली. मुलगा पुढे एका वर्कशॉपमध्ये लागला, तो दोन ठिकाणी नकार पचवून तिसऱ्या मुलाखतीत. बाईंनी मात्र यंदा भिशीच्या पैशांतून लेकीसाठी छोट्या नीलमच्या कुड्या घेतल्या, दाखल्यासकट. दाखला वाचून घ्यायला आमच्याकडेच आल्या होत्या.