कंटेनर गेला, सॉकेट उरलं

लिनक्समध्ये कंटेनरला सहसा स्वतःचं नेटवर्क मिळतं: वेगळे इंटरफेस, वेगळं राउटिंग टेबल, वेगळे फायरवॉल नियम. याला नेटवर्क नेमस्पेस म्हणतात. ही सोय २००८ मधल्या २.६.२४ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आली.

नेमस्पेस कधी मोडायची, हे कर्नेल मोजणीवरून ठरवतो. प्रोग्रामने सॉकेट उघडलं की आकडा एकने वाढतो, बंद केलं की कमी होतो. आकडा शून्यावर आला की आवराआवर सुरू होते.

कर्नेलची स्वतःची सॉकेटं मात्र सहसा या मोजणीत धरत नाहीत. प्रत्येक नेमस्पेसमध्ये राउटिंगच्या सूचना ऐकणारं नेटलिंक सॉकेट असतं आणि ते नेमस्पेस मोडतानाच बंद होतं. ते मोजलं, तर आकडा कधी शून्य होणारच नाही.

अडचण येते ती टीसीपीची. कंटेनरमधून एसएमबी शेअर माउंट केला की सर्व्हरशी जोडणी खुद्द कर्नेल उघडतो. सॉकेट बंद केलं, तरी उत्तर न आलेली पाकिटं पुन्हा पाठवण्याचा टायमर चालूच राहू शकतो. तेवढ्यात नेमस्पेस मोडली, तर टायमर मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो आणि कर्नेल कोसळू शकतो.

म्हणून अशा सॉकेटांना मोजणीत घ्यावं लागतं. त्यासाठी २०२५ मध्ये कर्नेलमध्ये एक सामाईक फंक्शन आलं. मात्र मोजणीत घेतलेलं सॉकेट वेळेवर सोडलंच पाहिजे. नाहीतर कंटेनर जातो आणि नेमस्पेस मेमरी अडवून बसते.