पळणाऱ्या कर्सरची साठ वर्षे

माऊस जन्मला तोच जरा अडखळत. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. तो होता लाकडी ठोकळा, पोटाखाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. तिरका ओढला की दोन्ही चाकं थोडी फिरायची आणि थोडी घासत जायची. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत याच इंग्लिश यांनी चाकांच्या जागी बॉल आणला.

महाराष्ट्रात गल्लोगल्ली कॉम्प्युटर पोचला तो या बॉलच्या माऊससकट. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये पेंट उघडून ज्यांनी घर आणि नारळाचं झाड काढलं, त्यांना आठवत असेल: उभी रेघ नीट जायची, आडवी मात्र गचके खात. माऊस उलटा करायचा, खालची चकती फिरवून काढायची, की रबर चढवलेला जड बॉल तळहातावर. आत दोन रोलर काटकोनात आणि बॉल दाबून धरणारा तिसरा, स्प्रिंगवरचा. रोलरच्या बरोबर मध्यावर मळाचा काळा, कडक पट्टा बसलेला असे. फुंकर मारणारेच जास्त, पण फुंकरीला तो दाद देत नसे. नखानं किंवा टाचणीनं खरवडला की पापुद्र्यासारखा सुटून यायचा. बाण ज्या दिशेला अडतो त्या दिशेचा रोलर मळका, इतका सरळ हिशेब. दोष डोळ्यांना दिसतो आणि नखानं निघतो, हे सुख पुढच्या कुठल्याच माऊसनं दिलं नाही.

त्याच काळात एक भुताटकीचा प्रकारही होता. बाण अचानक कोपऱ्यात उडी मारायचा, मेनू आपोआप उघडायचे. सगळे व्हायरसच्या नावानं बोटं मोडत. खरं कारण वेगळंच असायचं. पीएस-टू जातीचा साधा माऊस प्रत्येक हालचाल तीन बाइटमध्ये कळवतो. सैल पिनमुळे त्यातला एक गळाला की पुढचं सगळं एक घर सरकून वाचलं जातं. हालचालीचा आकडा क्लिक समजला जातो. पिन घट्ट बसवून मशीन रीस्टार्ट केलं की भूत उतरायचं. तोवर कुणीतरी विंडोज पुन्हा टाकायला घेतलेलं असायचं, ते वेगळं.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा कुठल्याही पॅडवर चालणारा ऑप्टिकल माऊस बाजारात आला आणि हळूहळू बॉल हद्दपार झाला. हा माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि लागोपाठच्या फोटोंतला फरक मोजतो. काचेच्या टेबलावर त्याला धरायला खूणच सापडत नाही. चकचकीत सनमायकावरही तो बावचळतो. भिंगापाशी एखादा केस अडकला तर माऊस स्थिर असताना बाण थरथरतो. काच आणि सनमायकावरचा उपाय म्हणजे जुनी वही खाली घ्यायची.

वायर गेली तसा दोष पार दिसेनासाच झाला. वायरलेस माऊसचा छोटा डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतो आणि यूएसबी ३.० ची उपकरणं नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलनं २०१२ मध्ये मांडलं. हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टमध्ये आणि बाण रखडतोय, असं दिसलं तर सेल बदलण्याआधी डोंगल दुसऱ्या बाजूला लावून पाहावा. छोट्या एक्स्टेन्शन वायरनं तो लांब नेला तर उत्तमच.

लॅपटॉपच्या टचपॅडचं दुखणं तर थेट भिंतीतलं निघतं. टचपॅड बोटामुळे होणारा विजेचा सूक्ष्म बदल मोजतो. चार्जर दोन पिनांचा, किंवा घराला अर्थिंगच नाही, तर चार्जरमधून होणारी विजेची बारीक गळती त्या मोजणीत मिसळते. बाण उड्या मारतो आणि धातूच्या बॉडीवर हात फिरवला तर बोटांना बारीक झिणझिण्या येतात. चार्जर काढून पाहावा; बाण शहाणा झाला तर ड्रायव्हर अपडेट करण्यात वेळ घालवू नये. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टरनं बसवायची पद्धत आहे, त्यामुळे कर्सरसाठी वायरमनला फोन करावा लागतो.