लॉनवरचा डीजे आणि मीटरला न दिसणारा बेस

तुळशीचे लग्न लागले की यवतमाळ जिल्ह्यात लग्नसराईला जोर चढतो, आणि तिच्याबरोबर लॉनवरील डीजे व शेजारच्या वस्तीच्या तक्रारी हा विषयही दरवर्षी ऐरणीवर येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 23 जानेवारी 2025 रोजी दिलेल्या निकालाची चर्चा भोंगे आणि प्रार्थनास्थळे यांच्यापुरतीच राहिली. निवासी भागासाठी ठरलेली मर्यादा ही एकेका ध्वनिक्षेपकाची नसून त्या परिसरातील सर्व ध्वनिक्षेपकांच्या एकत्रित आवाजाची आहे, हे न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले होते, परंतु हा मुद्दा मागे पडला. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांलगत लॉनला लॉन खेटून उभे राहतात, त्यांच्या मागे नवी लेआउट वसतात आणि एकाच तिथीला सगळीकडे लग्ने लागतात, अशा ठिकाणी या मुद्द्याचे मोल फार मोठे आहे. समान अंतरावरील चार लॉनपैकी प्रत्येकाचा आवाज एखाद्या घरापाशी 60 डेसिबल भरत असेल, तर चारही सुरू असताना तेथे 66 डेसिबल पोहोचतात आणि तरीही प्रत्येक लॉनमालकाला आपण मर्यादेतच आहोत असे वाटत राहते.

कायद्याची चौकट पुरेशी स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून, खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत केवळ बंदिस्त सभागृहांना सवलत आहे आणि लॉन हे कितीही कनाती लावल्या तरी बंदिस्त ठरत नाही. 2010 च्या दुरुस्तीने वाद्येही या बंदीखाली आणली असल्यामुळे दहा वाजता डीजे बंद करून धुमाल सुरू करणे ही पळवाटही उरलेली नाही. वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत मिळणारी मुभा सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी असते, त्यामुळे दुर्गोत्सवाने ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळला नवरात्रात तिचा उपयोग होतो, परंतु एखाद्या कुटुंबाच्या लग्नतिथीला ती लागू होत नाही.

प्रश्न नियमापेक्षा आवाजाच्या स्वभावात अधिक आहे. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते. स्पीकरच्या पेटीपासून 5 मीटरवर 100 डेसिबल आवाज असेल, आणि नाचणाऱ्यांच्या दृष्टीने हा काही फार मोठा आवाज नव्हे, तर 40 मीटरवर 82, 160 मीटरवर 70 आणि 640 मीटरवरही 58 डेसिबल शिल्लक राहतात. दोन-तीन एकरांच्या लॉनची हद्द 640 मीटरवर असू शकत नाही, म्हणजेच निवासी वस्तीलगतच्या लॉनवर प्रचलित पद्धतीचा डीजे लावून हद्दीवर 60 डेसिबल राखणे दिवसाढवळ्यादेखील अशक्य आहे. ही गोष्ट परवानगी देणाऱ्याने, घेणाऱ्याने आणि तारीख बुक करणाऱ्यानेही आधीच लक्षात घ्यायला हवी.

याहून गंभीर बाब मोजणीची आहे. शेजाऱ्यांची तक्रार सहसा गाण्याच्या शब्दांबद्दल नसते. दारे-खिडक्या लावून घेतल्यावरही छातीत जाणवणारा धमका, थरथरणारी तावदाने आणि भांड्यांच्या मांडणीवरची किणकिण यांबद्दल ती असते, आणि हा सारा भाग बेसचा, म्हणजे अगदी कमी कंप्रतेच्या ध्वनीचा असतो. 50 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास 7 मीटर असल्यामुळे तो कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालून पलीकडे उतरतो, आणि साध्या भिंती व खिडक्या त्याला उंच स्वरांच्या मानाने फारच थोडा अडथळा करतात. नियमांतील मर्यादा मात्र ‘ए’ भारित डेसिबलमध्ये दिलेल्या आहेत. या मापनपद्धतीत प्रत्येक कंप्रतेला मानवी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार कमी-अधिक वजन दिले जाते आणि 50 हर्ट्झच्या ध्वनीतून तब्बल 30 डेसिबल वजा केले जातात.

हे वजन कोठून आले हे पाहिले की अडचण उलगडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी मन्सन यांनी निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर कानाला सारखेच मोठे केव्हा वाटतात याचा अभ्यास करून 1933 मध्ये त्याचे वक्र प्रसिद्ध केले. आवाज हळू असताना कान खर्जातील स्वरांना बराच बधिर असतो, परंतु आवाज वाढत जातो तशी ही बधिरता कमी होत जाते, असे त्यांतून दिसले. ‘ए’ भारण हे त्यांपैकी हळू आवाजाच्या वक्रावर बेतलेले आहे आणि मोजण्यास सोयीचे म्हणून जगभर रूढ झाले आहे. वाहतुकीच्या आवाजासाठी ते बऱ्यापैकी चालते, परंतु बेसच्या पेट्यांची भिंत उभी केलेल्या लॉनसाठी ते अपुरे आहे, कारण मीटरवरचा आकडा आणि शेजाऱ्याची झोप यांचा मेळ त्यामुळे बसत नाही. ब्रिटनमध्ये मोकळ्या जागेतील संगीत कार्यक्रमांसाठी 1995 मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेने ही उणीव ओळखून 63 आणि 125 हर्ट्झच्या पट्ट्यांतील आवाज वेगळा पाहण्याकडे लक्ष वेधले. या पट्ट्यांत 80 डेसिबल किंवा त्याहून अधिक पातळी लक्षणीय त्रासदायक ठरते, असे तिच्यात नमूद आहे. महाराष्ट्रातही लॉनची तपासणी करताना ‘ए’ बरोबर बेसचे वजन फारसे न घटवणारे ‘सी’ भारण नोंदवले पाहिजे. बऱ्याच ध्वनिमापक यंत्रांत ही सोय एका बटणावर असते.

त्यात आपल्या हवामानाची भर पडते. मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगत गार हवेचा थर साचतो आणि त्यावर तुलनेने उबदार हवा राहते. अशा स्थितीत वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, त्यामुळे उन्हाळ्यातील दुपारी जवळपासच विरणारा आवाज हिवाळ्यातील रात्री दूरच्या वस्तीतही स्पष्ट ऐकू येतो. थंडीतल्या तिथींना दूरवरून येणाऱ्या तक्रारींना कांगावा म्हणून उडवून लावणे यामुळेच चुकीचे आहे.

उपाय आहेत आणि ते सगळेच महाग नाहीत. मंचाची पाठ वस्तीकडे ठेवणे, एका टोकाला पेट्यांचा ढीग रचण्याऐवजी पाहुण्यांच्या जवळ लहान स्पीकर विखरून लावणे, बेसच्या काही पेट्या उलट्या दिशेने व उलट कलेत चालवून मागच्या बाजूचा धमका मारणे, आणि मिक्सरनंतर लॉनमालकाच्या ताब्यात कुलूपबंद लिमिटर बसवणे, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज चढूच न देणारे यंत्र लावणे, हे सर्व आज शक्य आहे. हद्दीवरची अशोकाची रांग मात्र डोळ्यांना बरी वाटते इतकेच, आवाज ती जवळजवळ अडवत नाही. डीजेचालक, मंडपवाले आणि ऑर्केस्ट्रातील गायक यांची वर्षाची कमाई या काही महिन्यांवर अवलंबून असते, त्यामुळे सरसकट बंदी अन्यायकारक ठरेल. परंतु बिल लॉनच्या नावाने फाडायचे आणि आवाजाची जबाबदारी डीजेवाल्यावर ढकलायची ही रीत तितकीच अन्यायकारक आहे.

घड्याळाचा प्रश्न तर सर्वस्वी आपल्याच हातात आहे. गोरज मुहूर्ताची वरात रस्त्यावर नाचत दोन-दोन तास उशिरा पोहोचते, मंगलाष्टके लांबतात, जेवणावळी रेंगाळतात आणि संगीताला खरा रंग चढतो तो नेमका दहाच्या सुमारास. त्यानंतर 112 वर फोन जातो, पोलीस येतात, आवाज उतरतो आणि ते निघून गेल्यावर पुन्हा चढतो. गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरील खुल्या जागांतील संगीताबाबत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला वारंवार लक्ष घालावे लागले, आणि केवळ रात्रीच्या गस्तीवर विसंबण्याची मर्यादा तेथेही दिसली. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, असे 2025 च्या निकालात पोलिसांना सांगितले आहे ते योग्यच आहे, पण त्याआधीची पायरी बुकिंगच्या कागदावर आहे. या हंगामात लॉन ठरवणाऱ्या वधू-वरांच्या वडीलधाऱ्यांनी करारात पेट्यांची संख्या, लिमिटरची पातळी आणि संगीत थांबण्याची वेळ साडेनऊ अशी लिहून घ्यावी, आणि नगरपालिका व पोलीस ठाण्यांनी तो कागद पाहिल्याशिवाय ध्वनिक्षेपकाची परवानगी देऊ नये.