"इथे क्लिक करा म्हणजे कुठे, सर?"

आजचा लेख माझ्याच एका चुकीतून निघालाय.

सोलापूरकडच्या एक ताई आमच्या बॅचला होत्या. घरी शेंगदाणा चटणी करतात, आसपासच्या किराणा दुकानांत पाकिटं देतात. त्यांना दिसत नाही, लॅपटॉप स्क्रीन रीडरवर चालवतात. उद्यम नोंदणीवरचा माझा व्हिडिओ त्यांनी दोनदा ऐकला आणि फोन केला. "सर, तुम्ही म्हणता इथे क्लिक करा, मग खालचं बटन दाबा. इथे म्हणजे कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनी एका नेट कॅफेत काम करून घेतलं. या नोंदणीला सरकारी फी शून्य आहे. त्यांनी पाचशे रुपये मोजले, शिवाय आधार, पॅन आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात गेले. पाचशेचं एक वेळ सोडा, पण ओटीपीचं काय?

मग मी त्यांच्याशेजारी बसून शिकलो. जे शिकलो ते इथे मांडतोय. तुम्ही स्वतः स्क्रीन रीडर वापरत असाल तर कामाचं आहेच. डोळस असाल आणि वेबसाइट किंवा रेट कार्ड बनवणार असाल तर शेवटचा भाग तुमच्यासाठी.

आधी साधन. ताई वापरतात ते एनव्हीडीए. विंडोजवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये ते बनवायला घेतलं, पुढे त्याचा तसाच दृष्टिहीन मित्र जेम्स तेह सोबत आला. कारण साधं होतं: बाजारातले स्क्रीन रीडर फार महाग होते. म्हणजे सुरुवात करायला या एका गोष्टीवर तरी खर्च नाही. सोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. जरा यांत्रिक वाटतो, कानाला सवय होते.

आता मुख्य मुद्दा. नवीन माणूस पान उघडतो आणि खालचा बाण दाबत दाबत वरपासून सगळं ऐकत बसतो. किंवा टॅब दाबत सुटतो. टॅब फक्त लिंक, बटन आणि फॉर्मच्या रकान्यांवर थांबतो, मधला मजकूर सुटून जातो. डोळस माणूस तरी पान कुठे वाचतो? नजर टाकतो, मोठी अक्षरं बघतो, हवं तिथे उतरतो. कानांनी नजर टाकायची असेल तर एक अक्षर लक्षात ठेवा: एच. एच दाबलं की पुढचं हेडिंग. शिफ्ट धरून एच दाबलं की मागचं. 1 दाबलं तर फक्त पहिल्या पातळीचं हेडिंग, म्हणजे बहुतेक वेळा पानाचं नाव; 2 दाबलं तर दुसऱ्या पातळीचं. चाळीस लिंकांचा मेनू ऐकत बसायची गरजच नाही.

पहिला आठवडा फक्त एच वापरा असं मी सांगेन. मग के घ्या (लिंक), बी (बटन), ई (लिहायचा रकाना), टी (तक्ता). सगळ्या एकदम पाठ करायला गेलात तर एकही बोटात बसत नाही. आवाज नको झाला की कंट्रोल दाबा, लगेच गप्प होतो.

पान फारच पसरट असेल तर इन्सर्ट आणि एफ7. पानावरच्या सगळ्या लिंकांची किंवा हेडिंगांची यादी समोर येते, आणि त्यात शब्द टाइप करून गाळताही येतं. ताई घाऊक पाकिटांच्या साइटवर गेल्या की आधी हीच यादी उघडतात. नेमका शब्द माहीत असेल, समजा "डिलिव्हरी", तर इन्सर्ट, कंट्रोल आणि एफ एकत्र दाबून थेट शोधता येतो.

फॉर्म भरताना मात्र सगळे अडकतात. तुम्ही एच दाबता आणि हेडिंगवर जायच्या ऐवजी रकान्यात एच हे अक्षरच टाइप होतं. यात बिघाड काही नाही. पान वाचायचा ब्राउझ मोड वेगळा, लिहायचा फोकस मोड वेगळा. रकान्यावर एंटर दाबलं की फोकस मोड, एस्केप दाबलं की परत ब्राउझ मोड. बदल झाला की बारीक आवाज येतो, तो ओळखायला शिका. सबमिट करण्याआधी एकदा वर जाऊन एफ दाबत सगळे रकाने परत ऐका. आपण भरलेलं नाव आणि पॅन कानांनी तपासून घ्यायचं, हे मी आता डोळस मुलांनाही करायला लावतो.

कॅप्चा ही खरी अडचण आहे. आवाजाचा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर घरच्या माणसाकडून तेवढीच अक्षरं वाचून घ्या. ओटीपी मात्र स्वतःच फोनवर ऐका; अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक त्यासाठीच आहे.

दरांच्या तक्त्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसा तिथे वाचतो. टी दाबून तक्त्यात जा, मग कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण वापरा. खालचा बाण दाबत गेलात तर एकाच रकान्यातले दर ओळीने ऐकू येतात: शंभर पाकिटं, पाचशे पाकिटं, हजार पाकिटं. आडव्या बाणाने त्याच ओळीतले बाकीचे तपशील. पूर्वी ताई एकाच दुकानदाराला विचारायच्या आणि सांगेल तो भाव द्यायच्या. आता तीन साइट ऐकून मग फोन करतात.

पण हे सगळं कधी चालतं? समोरच्याने पान नीट बनवलं असेल तरच. आणि इथे आपण उद्योजक मंडळी गोंधळ घालतो. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे हेडिंग झालं असं आपल्याला वाटतं. स्क्रीन रीडरला ते साधं वाक्यच असतं. वर्डप्रेस असो की ब्लॉगर, हेडिंगचा पर्याय निवडावा लागतो. दहा लिंकांना "येथे क्लिक करा" नाव दिलंत तर लिंकांच्या यादीत तेच दहा वेळा ऐकू येतं. "दिवाळी फराळाचे दर" असं नाव द्या. फोटोला वर्णन लिहा: "लाल तिखट, 200 ग्रॅम पाकीट". आणि व्हॉट्सॲपवर आपण जो रंगीत रेट कार्डाचा फोटो फिरवतो ना, तो स्क्रीन रीडरवर नुसता "फोटो" असतो. त्याच मेसेजखाली दर टाइप करा, दोन मिनिटांचं काम.

माझे व्हिडिओही बदलतोय. आता मी बटनावर लिहिलेले शब्द तसेच उच्चारतो, ती लिंक आहे की बटन ते सांगतो, आणि दाबल्यावर काय ऐकू येईल तेही. व्हिडिओ थोडे लांबलेत, काहींनी तक्रारही केली. उद्यम नोंदणीचा व्हिडिओ सगळ्यात आधी नव्याने केला, आणि टाकण्याआधी ताईंना ऐकवला. त्यांनी दोन जागा अजून काढल्या जिथे मी "हे बघा" म्हणून पुढे गेलो होतो.

आज संध्याकाळी एक करा. एनव्हीडीए डाउनलोड करा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाका, स्वतःच्या दुकानाची साइट उघडा आणि एच दाबा. "पुढे हेडिंग नाही" अशा अर्थाचं काही ऐकू आलं तर उद्याचं पहिलं काम तुम्हाला मिळालं.